घरचं: रुखवताच्या यादीतल्या सतरा ओळी

बेगम बाजारावर आपल्या मंडळात याआधी बरंच बोलून झालंय. निझाम अली खानांच्या बेगमेनं, हमदा बेगमेनं, व्यापाऱ्यांना ही जागा दिली ती परंपरेतली गोष्ट, गोसावी आणि मारवाडी सावकारांच्या पेढ्या, २८ सप्टेंबर १९०८ चा मुसीचा महापूर. त्या चर्चांत मीही हौसेनं भाग घेतलाय. आजचं टिपण मात्र सावकारांचं नाही, पुराचंही नाही. फुलस्केपच्या चार कागदांवर लिहिलेल्या एका यादीबद्दल आहे. ती यादी माझ्याच अक्षरात आहे, आणि तिच्यात एक चूक आहे. ती चूकही माझीच.

मे १९८७. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही राहायचो गवळीगुड्यात. तिथून बेगम बाजार पायी दहा मिनिटांवर. वकिली करणारे माझे काका लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणाले, "कायद्याप्रमाणे भेटवस्तूंची यादी करायची. तुझं अक्षर बरंय, तू लिही." हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी कशी ठेवायची याचे नियम १९८५ साली आले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून लागू झाले. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असल्यास नातं, आणि खाली वधूवरांच्या सह्या. प्रत्यक्षात फार थोड्या घरांत अशी यादी झाली असेल. आमच्याकडे काका होते म्हणून झाली.

रुखवत मांडलेल्या खोलीत आम्ही बसलो. काका वस्तू सांगायचे, मी लिहायचो. एकूण त्रेचाळीस ओळी झाल्या. त्यातल्या सव्वीस ओळींत किंमत आहे. पितळी समई, स्टीलची पंचपात्री, तांब्याचा बंब, डब्यांचा संच, सगळं बेगम बाजारातल्या भांड्यांच्या गल्लीतून आलेलं आणि बिलं हाताशी असलेलं. उरलेल्या सतरा ओळींत किमतीच्या रकान्यात मी आडवी रेघ मारलीय. आणि देणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात सतराही वेळा एकच शब्द लिहिलाय: 'घरचं'.

मी विचारलं होतं, "काका, याची किंमत काय लिहू?" ते म्हणाले, "घरचं आहे ते. त्याला काय किंमत? रेघ मार."

तीनेक वर्षांपूर्वी ताईनं ही यादी मला दिली. 'तुला जुने कागद लागतात नं' म्हणून. जुन्या बाजाराचे भाव मिळतील या आशेनं मी ती वाचायला घेतली. भाव मिळालेही. पण माझी नजर परत परत त्या सतरा ओळींवर जाऊन अडायची. तिथं काय लपलंय हे शोधायला मला दोन वर्षं लागली, आणि ते शोधताना बेगम बाजारही मला जरा वेगळा दिसला.

आधी रुखवताबद्दल थोडं. आज रुखवत म्हटलं की टेबलावर मांडलेलं प्रदर्शन डोळ्यांपुढं येतं. मुळात रुखवत म्हणजे फराळ. लग्नाआधी वधूकडच्या बायका खाण्याचे पदार्थ घेऊन जानवसघरी वराकडं जायच्या, ते रुखवत. मोठे लाडू, करंज्या, चिरोटे, अनारसे, आणि ते उघडताना घ्यायचे खोचक उखाणे. पुढं पदार्थांशेजारी हातच्या वस्तू आल्या. सुपाऱ्यांची सप्तपदी, मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, पापड-कुरडयांचं तुळशीवृंदावन. मुलीला काय काय येतं, आणि तिच्यामागं किती हात उभे आहेत, हे सासरच्यांना एका नजरेत दिसावं अशी ती मांडणी.

हैदराबादेतल्या मराठी घरांत याला आणखी एक अर्थ होता. १९०७ ची विवेकवर्धिनी शाळा, १९२२ चं मराठी ग्रंथसंग्रहालय, या संस्था निघाल्या तेव्हा मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इथंच राहिलो. सोयरिकी मात्र नांदेड, परभणी, औरंगाबादशीच होत राहिल्या. काचीगुड्याहून मनमाडकडं जाणाऱ्या मीटरगेज गाडीनं लेकी सासरी जायच्या आणि रुखवत पत्र्याच्या ट्रंकांत भरून त्यांच्याबरोबर जायचं. तिकडच्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्याकडं मराठी राहिलंय का अजून?" त्याला उत्तर आमच्या आया तोंडी द्यायच्या नाहीत. रुखवत मांडायच्या.

आता यादीतली चौथी ओळ: 'नानकटाई, दोन डबे. किंमत: – . घरचं.'

ही नानकटाई कशी व्हायची ते मी लहानपणापासून पाहिलंय. आधी घरी नमुना. पातेल्यात बोटभर जाडीची वाळू, ती तापवायची, त्यावर ताटली, ताटलीत चार-सहा गोळे, वर झाकण आणि झाकणावर निखारे. वरून-खालून सारखी धग. तूप किती लागतंय, सोडा किती, हे त्या चार-सहा गोळ्यांवर ठरायचं. प्रमाण एकदा बसलं की मोठा घाणा भट्टीवर. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची-जायफळ, सगळं घरून मोजून न्यायचं. मळायचं बायकांनीच, गोळेही त्यांनीच करायचे. भट्टीवाल्यानं भाजून द्यायचं आणि किलोवर मजुरी घ्यायची. दिवाळीच्या आधी भट्टीपुढं पिठाच्या डब्यांची रांग लागायची.

आमच्या गल्लीतली ती भट्टी विटांच्या घुमटाची, लाकडावर चालणारी. इंजिनिअर झाल्यावर मला तिचं शहाणपण कळलं. अशा भट्टीत जाळ आत करतात, विटा उष्णता पिऊन घेतात, मग निखारे ओढून घेतात आणि साठलेल्या उष्णतेवर भाजतात. उष्णता हळूहळू उतरत जाते. चढ्या आचेवर, सव्वादोनशे-अडीचशे अंशांवर, आधी पाव. ती उतरून एकशे साठ-सत्तरच्या आसपास आली की बिस्किटं, नानकटाई. म्हणून भट्टीवाले चाचा बायकांना दुपारची वेळ द्यायचे. त्यांच्याजवळ तापमापक नव्हता. तोंडाशी हात धरायचे आणि सांगायचे, "अभी नक्को अम्मा, अभी गरम है. चाय पी को आओ." एकदा आईचं तूप जास्त झालं, तर गोळे पत्र्यावर ठेवण्याआधीच म्हणाले, "ये फैल जाते." आणि पसरलेच.

मोहरमात त्याच भट्टीत रोट भाजले जायचे. तेही घरोघरच्या रव्यातुपाचे, डब्यांवर खडूनं खुणा केलेले. आमच्या डब्यावर आई कुंकवाचं बोट ओढायची. दोन्ही सणांची गर्दी बघून चाचा सारखेच वैतागायचे.

इथं जरा पुण्याला जाऊन यावं लागेल, कारण बिस्किटाला मराठी घरात शिरायला मोठी वाट चालावी लागली आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं जमलेल्या प्रतिष्ठितांपुढं चहा-बिस्किटं ठेवली गेली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक, रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. कपभर चहा आणि एका बिस्किटापायी! आणि त्यानंतर शंभर वर्षं पुरी व्हायच्या आत, मुसलमान कारागिराच्या भट्टीत भाजलेली नानकटाई आमच्या सोवळ्यातल्या आजीच्या देखत रुखवतात मांडली जात होती.

हे कसं झालं? कुठल्या सभेत ठराव झाला नाही, कोणी अग्रलेख लिहिला नाही. मी धाकट्या मावशीला विचारलं. तिचं वय आता ऐंशीला टेकलंय. ती म्हणाली, "अरे, नानकटाईला पाणी कुठं लागतं? तुपात मळलेलं. पाणी नाही लागलं तर काय बिघडतंय? आजीला आईनं हेच सांगितलं, आणि आजी म्हणाली, मग असू दे." तुपातलं चालतं, पाण्यातलं नाही, हा जुनाच नियम. तो मोडला नाही कोणी. त्याच्यातूनच वाट काढली. सामाजिक इतिहासात आपण सुधारकांची भाषणं वाचतो. इथं सुधारणा एका कणकेच्या गोळ्याच्या पाककृतीत झालेली आहे, आणि ती करणारीचं नाव कुठंही नाही. माझ्या यादीत तर नाहीच.

आणखी एक गोष्ट आईच्या हिशेबाच्या वहीत सापडली. मे १९८७ च्या पानावर मैदा आहे, साखर आहे, तूप आहे, बेगम बाजारच्या किराणा दुकानातली वेलची आणि जायफळ आहे. आणि 'भट्टीची मजुरी' आहे. म्हणजे नानकटाईला किंमत नव्हती असं नाही. मालाला होती, भाजणाऱ्या पुरुषाच्या मजुरीला होती. फक्त मळणाऱ्या, वळणाऱ्या हातांच्या कामाची ओळ वहीत नाही. ती वही तरी आईच लिहायची! स्वतःचं काम तिनं स्वतःही धरलं नाही.

नववी ओळ: 'क्रोशाचा टेबलक्लॉथ, एक. किंमत: – . घरचं.'

हा थोरल्या मावशीनं केलेला. ताईकडं अजून आहे. मी जाऊन मोजला. छत्तीस इंच बाय छत्तीस इंच, चौकटीच्या विणीचा, इंचाला चार चौकटी. म्हणजे एका बाजूला १४४, आणि एकूण २०,७३६ चौकटी. थोरली मावशी आता नाही, म्हणून धाकटीला सुई-दोरा देऊन बसवलं आणि घड्याळ लावलं. एका चौकटीला सरासरी दहा सेकंद. गुणाकार केला तर सुमारे ५८ तास होतात. काठाची झालर वेगळी. स्वयंपाक-धुणं आटोपून दुपारी दीड तास मिळाला असं धरलं, तर जवळपास चाळीस दुपारी. मी हे आकडे वाचून दाखवले तेव्हा मावशी हसली आणि म्हणाली, "आणि उसवलेलं धरलंस का?" धरलं नव्हतं.

दोऱ्याचे गुंडे फीलखान्याच्या बाजूच्या दुकानातून यायचे. मणी, गोटा, जर, कागदी फुलांच्या तारा, सगळं बेगम बाजारातलं. ज्याला आपण 'घरगुती' म्हणतो ते पूर्णपणे घरातलं कधीच नव्हतं. ठोक बाजार पायी दहा मिनिटांवर नसता, तर आमच्या गल्लीतलं रुखवत इतकं भरलं नसतं. बायका चौघी-पाचजणी मिळून जायच्या, मण्यांची मोठी पुडी एकत्र घ्यायच्या आणि घरी येऊन वाटून घ्यायच्या. किरकोळ गिऱ्हाइकाला ठोक भाव मिळवायची ती रीत. बाजाराच्या इतिहासात पेढ्या येतात, हुंड्या येतात. एक शेर मण्यांच्या पाच वाटण्या करणाऱ्या या पाचजणी येत नाहीत. पण बाजार त्यांच्यावरही चालला होता.

आता देणाऱ्याच्या नावाचा रकाना. 'घरचं' हा शब्द किती खोटा आहे हे मला त्यानं दाखवलं. ताई, धाकटी मावशी आणि मी एका रविवारी यादी घेऊन बसलो आणि ओळीमागून ओळ विचारत गेलो, हे कोणी केलं? सतरापैकी अकरा वस्तू आई, आजी, दोन मावश्या आणि खुद्द ताईच्या निघाल्या. चार वस्तू आमच्या घरच्या नव्हत्याच! मण्यांचं तोरण समोरच्या वाड्यातल्या मारवाडी भाभींचं. त्यांनीच ताईला ती वीण शिकवली होती. आवकायच्या दोन बरण्या वरच्या मजल्यावरच्या तेलुगू अम्मांच्या. मे महिना, कैऱ्यांचे दिवस, त्यांनी आपल्याबरोबर आमच्याही घातल्या. गोट्याचं काम केलेली रुमालांची थाळी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या खालाजानची. चौथी वस्तू शेजारच्या गुजराथी काकूंचा उशांच्या अभ्र्यांचा जोड.

नांदेडच्या पाहुण्यांपुढं आम्ही 'आमच्याकडं मराठी अजून आहे' म्हणून जे रुखवत मांडलं, त्यात पाच भाषांच्या बायकांचे हात होते. पाहुण्यांनी सगळ्यात जास्त वाखाणली ती आवकाय. ते हैदराबादचं मराठी रुखवत होतं, पुण्याचं किंवा परभणीचं नव्हे. आणि मी त्या सगळ्यांवर एकच शब्द लिहून मोकळा झालो होतो.

राहिल्या दोन ओळी: सुपाऱ्यांची सप्तपदी आणि एक रंगवलेली खोबऱ्याची वाटी. त्या कोणी केल्या हे तिघांपैकी कोणालाही आठवलं नाही.

याच्या उलट भांडी बघा. बेगम बाजारात भांडं घेतलं की दुकानातला कारागीर विचारतो, "नाम डालना?" आणि करकर करत नाव घालून देतो. माझ्याकडं आई-वडिलांच्या लग्नातली पितळी भांडी आहेत. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. बहुतेक नावं पुरुषांची. बाईचं असलंच तर अमुक यांच्या सौभाग्यवती. एका तांब्यावरून मी आमच्या चुलत घराण्याची अख्खी शाखा जुळवलीय. मंडळातही आपण भांड्यांवरची नावं टिपून ठेवायचा उपक्रम केलाच होता. विकत घेऊन दिलेल्या वस्तूवर नाव राहिलं आणि हातानं केलेली वस्तू बेनाव राहिली. ज्यावर नाव असतं ते आपण जपतो, आणि जे जपलेलं असतं त्याचाच इतिहास लिहितो. आई गेल्यावर घर बदलताना मी हेच केलं. भांडी जपून नेली. आईच्या स्वतःच्या रुखवतातले क्रोशाचे दोन रुमाल मिक्सरभोवती गुंडाळले. नवीन घरी पोचल्यावर ते फडक्यांत गेले. तेव्हा मला इतिहासाचा नाद लागून दहा वर्षं झाली होती.

रुखवत आता बदललंय, त्याबद्दल फार हळहळण्यात अर्थ नाही. तयार सप्तपदी मिळते, मांडून देणारे मिळतात, लग्न लागलं की आवरून नेणारेही मिळतात. मुली नोकऱ्या करतात. चाळीस दुपारी कुणाजवळ आहेत? आणि त्या चाळीस दुपारी मावशीनं तरी खुशीनं दिल्या की तिला देणं भाग होतं, हाही प्रश्न आहेच. मी तिच्या धाकट्या बहिणीला तो विचारला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन्ही." हे उत्तर मी तसंच लिहून ठेवलंय.

एक वस्तू मात्र यादीत कधी येणारच नव्हती, कारण ती लग्नानंतर आठ महिन्यांनी गेली. ताईच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने. तीळ-खसखशीवर पाकाचे थेंब सोडत, मंद आचेच्या परातीत बोटांनी फिरवत राहायचं. काटा फुटायला तास न् तास जातात, आणि हवेत ओल असली तर फुटतच नाही. जानेवारीतली हैदराबादची कोरडी हवा त्याला चांगली. आईनं आठवडाभर पहाटे उठून हलवा केला, हार-बांगड्या-बिंदी ओवली आणि भुशात घालून नांदेडला पाठवली. संक्रांत झाली, हळदीकुंकू झालं, ताईनं दागिने घालून फोटो काढला, आणि मग घरातल्या लेकरांनी ते खाऊन टाकले. हातात उरला तो फोटो. मागं स्टुडिओचा शिक्का आहे, तारीख आहे. आईचं नाव नाही.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना एक विनंती. शिलालेख आणि फर्मानं आपण वाचतच राहू. पण घरात क्रोशाचा रुमाल, मण्यांचं तोरण, पाककृतींची वही असेल, तर जी सांगू शकेल ती असेपर्यंत तिला विचारा: हे कोणी केलं, कुठं शिकलीस, दोरा कुठून आणला, कोण शेजारी बसलं होतं? चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी वस्तूला टाचा.

मी त्या यादीची झेरॉक्स काढली. मूळ कागदाला हात लावला नाही. कागदपत्रात खाडाखोड करायची नाही हे आपण नव्या सभासदांना शिकवतोच. झेरॉक्सवर मात्र 'घरचं' खोडलं आणि पंधरा ओळींत नावं लिहिली, नात्याच्या रकान्यात 'मावशी', 'आजी', 'शेजारीण' असं लिहिलं. किमतीच्या रकान्यात टेबलक्लॉथपुढं '५८ तास, उसवलेलं सोडून' असं लिहिलंय. दोन ओळी कोऱ्या ठेवल्यात. १९८७ च्या मे महिन्यात गवळीगुड्यात त्या लग्नाला कोणी आलं असेल आणि सुपाऱ्यांची सप्तपदी कोणाच्या हातची होती हे आठवत असेल, तर जरूर कळवावं.